पायाळूची लेक

जनकाबाई पायाळू होत्या. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. एवढ्या एका भांडवलावर गेली चाळीस वर्षं जानेफळातल्या निम्म्या पाठी त्यांच्या ताब्यात होत्या. पाठीत उसण भरली, पोतं उचलताना चमक निघाली, की माणूस दवाखान्याची वाट धरण्याआधी जनकाबाईंच्या परसात येऊन गोणपाटावर पालथा पडायचा. जनकाबाई डाव्या पायाचा तळवा त्याच्या पाठीवरून तीनदा फिरवायच्या. नुसता फिरवायच्या, भार अजिबात द्यायच्या नाहीत. मग माणूस उठायचा आणि न बोलता घरी जायचा.

नियम मोजकेच होते. दिवस उगवायच्या आत यायचं. बाईंना काही द्यायचं नाही, नारळसुद्धा नाही. आणि गुण येईपर्यंत कुणाकडे वाच्यता करायची नाही, अगदी बायकोकडेही नाही. वाच्यता झाली की येणारा गुण परत फिरतो. ज्याला गुण यायचा तो पारावर बसून चार गावांना सांगायचा. ज्याला यायचा नाही तो बिचारा जन्मभर गप्प. त्यामुळे जनकाबाईंचा पाय वाया गेल्याचं गावानं कधी ऐकलंच नव्हतं.

अशा बाईच्या पोटी रेणुका जन्माला आली ती मात्र सरळ, चारचौघांसारखी. गावानं तेव्हाच हळहळ व्यक्त केली होती. पुढे ती अमरावतीला गेली, साडेचार वर्षं हाडं, सांधे आणि स्नायू घोकले आणि फिजिओथेरपीची पदवी घेऊन परत आली. वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या, एक तर थेट दुबईला गेली. ही जानेफळला आली, कारण वडील तोवर वारले होते आणि आई एकटी होती. आणि खरं सांगायचं तर एक हट्टही होता. लहानपणापासून परसात पालथी पडलेली माणसं पाहून तिला राग यायचा. त्या माणसांचा नव्हे. त्यांच्या दुखण्याला कुणी नीट हात लावत नाही, याचा.

तिनं घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं, हिरवा पडदा लावला, दारावर पाटी लावली. गावाला ती पाटी वाचता यायची, पण तिचा अर्थ लावायची घाई कुणालाच नव्हती. एकाच घरात पुढच्या दारी लेक आणि मागच्या दारी माय, दोघी पाठीचंच काम करतात, मग फरक काय, असं लोकांचं सरळ गणित होतं. "मॅडम, पाय नाही लावत का तुम्ही?" असं विचारणारे दर आठवड्याला दोन तरी निघायचे. रेणुका दात आवळून हसायची. तिला या गावाकडून एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी एकदा तरी म्हणावं, की हा गुण रेणुकाच्या हाताचा. आईच्या पायाचा नाही, रक्ताचा नाही, शिकलेल्या हाताचा.

तो दिवस आला होता, जवळजवळ.

जयमालाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वर्षभर त्यांच्या फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहिला. तारीख टाकायला वर्गातली उंच पोरगी उठायची. अंबाडा बांधताना डोळ्यांत पाणी यायचं. दोन इंजेक्शनं झाली, मलमं झाली, परसातला पायही झाला. रेणुकानं त्यांचा हात धरून हळूहळू वर नेला. अर्ध्या वाटेवर कळ, पुढे गेल्यावर पुन्हा बरं. मग तिनं त्यांना पालथं झोपवलं आणि दुखऱ्या खांद्याला हातच लावला नाही. दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधोमध, पाठीच्या वरच्या मणक्यांवर तळहाताची टाच ठेवली. "श्वास घ्या. सोडा." आणि सोडता सोडता दाबलं. एकेका मणक्यावर, खालून वर. तिसऱ्या खेपेला आतून कट असा आवाज आला.

"अवं, खांदा दुखून राह्यला अन पाठ काऊन दाबता?" जयमालाबाईंनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

"पाठ ताठ झाली ना बाई, की फरा फिरत नाही," रेणुका म्हणाली. "फरा फिरला नाही की हात वर करताना आतली दोरी हाडाच्या फटीत चेपते. दुखणं तिथं, पण अडकलंय इथं."

उठून बसल्यावर जयमालाबाईंनी हात वर केला. पुरता नाही, पण कानाच्या वर गेला. त्या हाताकडे बघतच राहिल्या. रेणुकानं दोन व्यायाम दिले, दोन आठवडे बोलावलं, आणि महिन्याभरात फळा वरपासून खालपर्यंत भरायला लागला. जयमालाबाई मनाच्या मोकळ्या. शाळेत, देवळात, हळदीकुंकवाला, जिथं जातील तिथं हात वर करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "जनकाबाईचा गुण उतरला बरं पोरीत. फक्त पायाच्या जागी हात लावते."

रेणुकानं हे ऐकलं तेव्हा ती त्या दिवशी जेवली नाही.

जनकाबाई मात्र खूश होत्या. पुढच्या खोलीत पेशंट असला की त्या पडद्याच्या फटीतून बघत उभ्या राहायच्या. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "कुठं दाबते वं तू नेमकं? मले बी दाखव ना. तेवढाच उपयोग होईन लोकायले."

"आई, त्याले साडेचार वर्षं लागतात," रेणुका म्हणाली आणि कप घेऊन उठली.

चाळीस वर्षं लोक जनकाबाईंच्या पायाखाली झोपत होते, आणि घरातलं लेकरू त्यांना असं उडवून लावत होतं. बोलून दाखवलं नाही, पण लागलं असेलच.

होळी झाल्यावर रामराव आले. रामराव म्हणजे तीन घरं सोडून राहणारे, रेणुकाच्या वडिलांचे जिवलग मित्र. रेणुकाला सायकल शिकवली ती त्यांनी. अमरावतीला पाठवायचं ठरलं तेव्हा भाऊबंद म्हणाले, पोरीची जात, कशाला एवढ्या लांब. त्यावर रामराव म्हणाले होते, "तुमच्या घरून जाऊन राह्यली का? नाही ना? मंग बसा गप." दर सुट्टीला तिची बॅग बस स्टँडवर न्यायचे तेच. गावात एखाद्या माणसासाठी जीव टाकायचा तर रेणुकानं तो रामकाकांसाठी टाकला असता.

"मास्तरीनबाईचा हात वर गेला, आता माहा बी कर बाप्पा," ते हसत टेबलावर बसले. "दोन महिन्यापासून हा खांदा अन हे मधलं, लय दुखून राह्यलं. वीस दिवसांवर आमच्या पोरीचं, छकुलीचं लग्न. मांडवात हात वर करून अक्षता टाकता आल्या पायजेत मले."

रेणुकानं त्यांचा हात वर नेला. तो वर गेला, थेट, कुठंही न अडता. खांद्यात काहीच नव्हतं.

"काका, निजल्यावर दुखतं का?"

"निजलो का जास्तच दुखते."

"संध्याकाळी अंग गरम होते?"

"येते थोडी कसकस. उन्हाचे दिवस हायेत."

सदरा काढल्यावर बरगड्या दिसल्या. पायजम्याच्या नाडीला एक नवी गाठ पडली होती. रेणुकानं पाठीच्या मणक्यांवरून बोटं फिरवली. दोन फऱ्यांच्या मध्ये एक मणका बाकीच्यांपेक्षा किंचित वर आलेला. तिनं त्यावर बोटाच्या पेरानं हलकेच ठोकलं आणि रामराव ओरडून पुढे झुकले.

तिला कळलं. म्हणजे खात्री नव्हती, एक्स-रेच्या फोटोशिवाय खात्री कुणालाच नसते, पण पुस्तकात जे जे लिहिलं होतं ते सगळं तिच्या बोटाखाली होतं. मणक्याचा क्षय. ही पाठ दाबायची नाही. चुकूनही नाही.

आणि इथं तिनं जे केलं ते ती पुढे आयुष्यभर उगाळत बसणार होती. तिनं तो शब्द उच्चारला नाही. लग्नघर होतं. क्षय म्हटलं की अर्ध्या तासात गावभर आणि संध्याकाळपर्यंत नवरदेवाच्या घरी. खात्री नसताना एका पोरीचं लग्न कसं मोडायचं? म्हणून ती म्हणाली, "काका, मेहकरला जाऊन आधी फोटो काढा. मी चिठ्ठी देते. मग अकोल्याला एकदा दाखवू, मी येते संगं. तोवर पाठीला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. वजन उचलायचं नाही."

"लग्न झालं का जातो. आता तू दाबून दे."

"नाही दाबणार, काका."

"मास्तरीनबाईले दाबलं ना?"

"त्यांचं वेगळं होतं."

"काय वेगळं? तिचा खांदा अन माहा खांदा काय वेगळ्या कारखान्यातला हाय?"

रेणुका अर्धा तास बोलली. हाड नाजूक झालंय म्हणाली, तपासणी लागते म्हणाली, घाई करा म्हणाली. पाया पडले तर ऐकाल का, असंही म्हणाली. सगळं म्हणाली, फक्त ते एक सोडून. रामरावांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि सदरा चढवला. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते वाईट होतं. "शिकली ना तू आता," एवढंच म्हणाले आणि गेले.

"रामरावले काऊन वापस पाठवलं?" जनकाबाईंनी रात्री वाढताना विचारलं.

"पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, आई."

"मी बाहेरची झाली का?"

रेणुकानं भाकरी मोडली. इकडे मागच्या दारी वाच्यता करायची नाही, तिकडे पुढच्या दारी गोष्ट बाहेर सांगायची नाही. दोन्हीकडचे नियम पाळणारी माणसं चांगलीच होती. त्यांच्या मधल्या घरात रामराव सापडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेणुका चहा ठेवायला उठली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला परस दिसलं. गोणपाट अंथरलेलं होतं. रामराव त्यावर पालथे पडत होते, एका हातानं कंबर धरून, सावकाश. जनकाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

रेणुकाच्या मनात काय आलं? पहिल्यांदा आलं, की धावत जावं. आणि लगेच आलं, की जाऊ दे. माझ्या साडेचार वर्षांपेक्षा यांना हा तळवा मोठा वाटतो ना, फिरवून घ्या. आईचा पाय म्हणजे काय, नुसता लागतो, त्यानं ना बरं होतं ना वाईट. होईल मन शांत, मग जातील फोटो काढायला. तिनं खिडकीकडे पाठ केली आणि आलं ठेचायला घेतलं. खलबत्त्याच्या आवाजात परसातला दुसरा आवाज तिला ऐकू आला नाही.

चौथ्या दिवशी रामरावांना सकाळी पाय जड वाटले. दुपारी चप्पल कधी निसटली ते कळलं नाही. संध्याकाळी कोकिळाकाकू, त्यांची बायको, रडत दारात आली. काकांना उभं राहता येत नव्हतं, लघवीची जाणीव नव्हती. रेणुका धावली. तिनं पायांवर टाचणी टोचली. रामराव तिच्याकडे बघत होते, टाचणीकडे नाही, कारण टाचणी त्यांना कळतच नव्हती. गाडी येईपर्यंत ती कपडे घ्यायला घरी आली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, तू काय केलं त्यांच्या पाठीले?"

"मी काय करणार? जे करतो तेच."

"आई."

जनकाबाई खाली बसल्या. खाटेवरची उशी ओढली, जमिनीवर ठेवली. मग उठून त्यांनी डाव्या पायाची टाच उशीच्या वरच्या अंगाला, मधोमध ठेवली. "थो म्हणे, पोरगी दाबते तसं दाब. नुसत्या पायानं नाही व्हायचं म्हणे. मंग मी इथं टाच ठेवली. श्वास घ्याले लावला. सोड म्हणलं. अन सोडता सोडता..." त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि सगळं अंग त्या एका टाचेवर टाकलं. उशी पार चपटी झाली. "कट वाजलं. तुया पेशंटचं वाजते तसंच. मले वाटलं, आला गुण."

रेणुकानं वाकून उशी त्यांच्या टाचेखालून ओढून घेतली.

"तुयासारखंच केलं वं मी," जनकाबाई म्हणाल्या. "मंग तुयानं काऊन बरं होते अन मायानं काऊन असं झालं?"

अकोल्याच्या हॉस्पिटलात फोटो निघाले. मणका क्षयानं आतून किडून पोकळ झाला होता, तो खचून मज्जारज्जूवर बसला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर गोळ्यांवर भागलं असतं. आता पाय परत येतील की नाही, सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "कुठं पडला होता का? पाठीवर काही भार आला होता?"

रामरावांनी आढ्याकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले.

रेणुका खाटेशी उभी होती. तिला कळलं की हा माणूस अजून नियम पाळतोय. कमरेखालचं अंग गेलं तरी त्याला वाटतंय, गुण यायचा आहे, वाच्यता केली तर परत फिरेल. सांगून उपचार बदलणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते खरंही होतं. पण ती गप्प बसली ती त्यासाठी नाही. ती आईसाठी गप्प बसली, आणि खिडकीकडे केलेल्या आपल्या पाठीसाठी.

छकुलीचं लग्न ठरल्या तारखेला झालं, घरातल्या घरात. बाप अकोल्याला होता. क्षयाची गोष्ट नवरदेवाच्या घरी कळलीच, आणि त्यांनी लग्न मोडलं नाही. सासरा म्हणाला, आजार कुणाले होत नाही. एवढं साधं होतं ते. रेणुकानं हे ऐकलं तेव्हा तिला त्या माणसाच्या पायावर डोकं आपटावंसं वाटलं.

महिन्याभरानं रामरावांना घरी आणलं. गावात शिष्टाचार असतो, आजाऱ्याला बघायला जायचं. जनकाबाईंनी साखरेची पुडी घेतली आणि दोघी गेल्या. पुढच्या खोलीत पाचसहा माणसं बसली होती, जयमालाबाईही होत्या. रामराव खाटेवर, पाय कुणी ठेवले तसे ठेवलेले.

कोकिळाकाकूनं रेणुकाला बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"आली का डॉक्टरीन? तुले माहीत होतं ना? चिठ्ठीवर लिहिलं होतं तू, इंग्रजीत. अकोल्याच्या डॉक्टरनं वाचून दाखवली मले. तुया मनात होतं हे. मंग तोंडानं काऊन नाही सांगतलं? त्याच्या मांडीवर खेळली तू. रामकाका, तुमाले क्षय हाय, चला म्हणून हात धरून ओढलं असतं तं आज हा माणूस चालला असता!"

"काकू, मला खात्री..."

"हात बी नाही लावला तिनं," एका म्हातारीनं मध्येच सांगितलं. "साऱ्या गावाची पाठ दाबते अन रामरावचीच नाही दाबली. दाबली असती तं तवाच उतरलं असतं."

रेणुकानं रामरावांकडे पाहिलं. रामराव जनकाबाईंकडे पाहत होते. जनकाबाई पुडीच्या दोऱ्याशी चाळा करत होत्या. त्या खोलीत तिघांना माहीत होतं, आणि तिघांपैकी कुणीही एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. रेणुका वाट बघत राहिली. आपल्याला वाचवायला आई आता बोलेल, असं तिला अगदी लहान पोरीसारखं वाटत होतं.

जनकाबाई बोलल्या. त्यांनी उठून कोकिळाकाकूचे हात धरले, डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं, आणि त्या म्हणाल्या, "लेकरू हाय वं कोकिळा. शिकून राह्यली अजून. पदरात घाल तिची चूक."

कोकिळाकाकू त्यांच्या गळ्यात पडून रडली. जयमालाबाईंनी मान खाली घातली. रेणुका तिथून उठली, चप्पल घातली आणि घरी आली.

त्यानंतर पुढच्या खोलीत कुणी आलं नाही. दोन आठवडे, चार आठवडे. पाटीवर धूळ बसली, ती तिनं पुसलीही नाही. मागच्या दारी मात्र लोक येतच होते.

"आई, आता पाय लावायचा नाही," रेणुका म्हणाली. त्या दिवसानंतरचं दोघींमधलं ते पहिलं धड वाक्य.

"बंद करतो. पण लोक इचारतीन, काऊन बंद केलं? काय सांगू मी लोकायले?" जनकाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तूच सांग काय सांगू."

उत्तर होतं, पण ते रेणुकानं रामरावांच्या घरी गिळलं होतं. जनकाबाईंचा पाय चालू राहिला, पूर्वीसारखाच हलका. टाच त्यांनी पुन्हा कधी ठेवली नाही, एवढं खरं.

पण रेणुकाला झोप येईना. दिवस उगवायच्या आत ती परसात जाऊन उभी राहू लागली. माणूस गोणपाटावर पडायच्या आधी ती त्याला थांबवायची, रात्री दुखतं का, ताप येतो का, कपडे सैल झाले का, विचारायची, आणि पाठीच्या मणक्यांवरून पेरानं ठोकत जायची. पहिले चार दिवस लोकांना हे विचित्र वाटलं. पाचव्या दिवशी त्यांनी त्याचा नियम करून टाकला. पायाळूच्या लेकीनं आधी बोट वाजवायचं, मग पायाळूनं पाय लावायचा. बोट वाजवल्याशिवाय पाय लागू पडत नाही. दोन महिन्यांत डोणगावकडूनही माणसं यायला लागली. काहीजण तर म्हणायचे, नुसत्या बोटानंच अर्धं दुखणं गेलं. साडेचार वर्षांच्या शिक्षणाला गावानं अखेर जागा दिली होती, परसात, गोणपाटाच्या उशाला.

आषाढात डोणगावचे फकीर मोहम्मद आले, गाद्या भरायचा धंदा करणारे, पन्नाशीचे. खांदा आणि पाठ दुखते म्हणाले. रेणुकानं विचारलं, ठोकलं. पाचव्या मणक्यावर ते कळवळले. संध्याकाळी ताप यायचा. लेंगा कमरेला दोनदा गुंडाळलेला होता.

जनकाबाई पदर खोचून पुढे आल्या होत्या. रेणुकानं त्यांना हातानं अडवलं. काय बोलायचं ते तिला या वेळी शोधावं लागलं नाही. हाडाविषयी नाही, तपासणीविषयी नाही. या लोकांना कळेल अशा भाषेत ती म्हणाली, "चाचा, या पाठीवर पाय चालत नाही. आजच्या आज मेहकरला जाऊन फोटो काढायचा, क्षयाचा आजार वाटून राह्यला. फोटो काढल्याशिवाय गुण येत नाही."

"अच्छा बेटी," फकीर मोहम्मद म्हणाले. त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली, कुर्ता घातला, पुढं एकही प्रश्न विचारला नाही आणि साडेसहाची बस धरायला निघून गेले.

रामकाकांना तिनं अर्धा तास समजावलं होतं.